मौनातही हाताला काम

मळ्यातच विठोबा पाहणारा सावता माळी इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना फार लांबचा वाटतो. त्यांना आम्ही केंटकीतल्या गेथसेमनी मठाची गोष्ट सांगतो. हा मठ १८४८ सालचा. इथल्या ट्रॅपिस्ट साधूंचा नेम म्हणजे अंधारात उठायचं, दिवसातून सात वेळा प्रार्थना आणि पोटासाठी स्वतः राबायचं! मठाचा फ्रूटकेक त्यातूनच नावारूपाला आला.

१९४१च्या डिसेंबरात, २६व्या वर्षी, थॉमस मर्टन इथे आले ते मौनाच्या ओढीने. पण मठाधिपतींनी त्यांना लिहायला बसवलं. १९४८ साली निघालेलं त्यांचं आत्मचरित्र खूप गाजलं. मठाच्या रानात त्यांनी झाडं लावली, आणि १९५५ ते १९६५ नवशिक्या साधूंना शिकवलं.

हातातलं काम टाकून देव शोधायला जावं लागत नाही, हे मुलांना पटवायला पंढरपूर लांब असलं, तरी केंटकी जवळ आहे.