राखीव हवा आहे ना?

मैत्रिणींनो, घरात गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं नसेल, तर आपल्याला चैन पडत नाही. मग लेकराला समुद्राखाली पाठवताना तेवढीच चौकशी नको का?

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला आमच्या लेकीने स्कूबा डायव्हिंगचा हट्ट धरला. मी सरळ प्रशिक्षकांना विचारलं, "खाली हवा संपली तर?" त्यांनी स्वतःच्या टाकीला जोडलेली जादा नळी दाखवली. तिच्या टोकाला तोंडात धरायचा पिवळा भाग होता. याला 'ऑक्टोपस' म्हणतात. सोबत्याची हवा संपली, की त्याने यातून श्वास घ्यायचा. पण टाकी तीच! शेगडीला दुसरा बर्नर असावा, तसं हे. खरं दुसरं सिलिंडर म्हणजे 'पोनी' ही वेगळी छोटी टाकी. ती काही अनुभवी पाणबुडे बाळगतात.

म्हणून तीन गोष्टी विचाराच. ऑक्टोपस पाण्यात उतरण्याआधी तपासला का? प्रशिक्षक हाताच्या अंतरावर राहणार ना? हवेचा काटा कोण पाहणार? १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे हवा दुप्पट वेगाने संपते. आणि मुलांना बजावा, वर येताना श्वास मुळीच रोखायचा नाही. फुफ्फुसाला इजा होते.

लेक हसत वर आली. "आई, किती गं प्रश्न विचारतेस!" म्हणाली. म्हणू दे बापडी!