बाकावरचा न्याय : काकुमा छावणीतील पंच

केनियाच्या वायव्येकडील रखरखीत तुर्काना प्रदेशात, सुदानच्या यादवी युद्धातून पळालेल्या मुलांच्या तांड्यांसाठी १९९२ मध्ये उभ्या राहिलेल्या काकुमा छावणीत पुढे सोमालिया, इथिओपिया, काँगो येथूनही निर्वासित आले, आणि नळावरील रांग, सरपण, सोयरीक अशा निमित्तांनी तंटे होऊ लागले. दक्षिण सुदानी वस्त्यांत असे तंटे ‘बेंच कोर्टा’पुढे, म्हणजे बाकावर बसून रूढीनुसार निवाडा करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीपुढे जातात. तेथे शिक्षेपेक्षा भरपाईला महत्त्व असते. मात्र वधूमूल्य, म्हणजे वरपक्षाने वधूच्या घरी द्यावयाचे देणे, गुरांत मोजण्याची रीत आणि छावणीत गुरे पाळण्यावर बंधन, त्यामुळे हिशेब जुळवणे अवघडच. गंभीर गुन्हे पोलिसांकडे जाणे अपेक्षित असले तरी स्त्रियांवरील अत्याचारही कुटुंबाच्या अब्रूखातर बाकावरच मिटवले जातात, हा या व्यवस्थेवरील सर्वांत रास्त आक्षेप होय. निर्वासितांमधूनच उभी केलेली ‘शांतता व संरक्षण पथके’ गस्त आणि मध्यस्थी करतात. तरीही २०१४ मध्ये डिंका व न्युएर या दक्षिण सुदानी जमातींच्या गटांत रक्तपात झाला. तंटे छावणीबाहेरच्यांशीही होतात : स्थानिक तुर्काना स्त्रिया सरपण देऊन निर्वासितांकडून शिधा घेतात, आणि निर्वासित स्वतःच सरपण गोळा करू लागले की तंटा पेटतो.