दातांवरचे पांढरे डाग आणि केळीची साल

केळीच्या सालीची आतली बाजू रोज दोन मिनिटं दातांवर घासा, आठवडाभरात डाग गायब! हा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. पुण्या-मुंबईच्या पोरांनी तो खरा मानला तर एकवेळ समजू शकतं. पण आपण फैजपूरचे. सावदा, न्हावी, रावेर, कुठल्याही दिशेला निघा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. सालीनं दात मोत्यासारखे होत असते, तर यावल-रावेर पट्ट्यात एकाही दातांच्या डॉक्टरचा दवाखाना चालला नसता भो!

गंमत बाजूला ठेवू, कारण प्रश्न खरा आहे. तुमच्या वर्गात ओढणी तोंडाशी धरून हसणारी एखादी मैत्रीण असेल. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत ओठ घट्ट मिटून उभा राहणारा एखादा मित्र असेल. प्लेसमेंटच्या मुलाखतीत उत्तर येत असूनही तोंड पूर्ण न उघडणारा, आणि घरात स्थळांचा विषय निघाला की आरशासमोर जाऊन दात बघणारीही असेल. त्यांना सगळ्यात जास्त लागणारं वाक्य म्हणजे, 'ब्रश करत नाही का रे नीट?' हे वाक्य बहुतेक वेळा अन्यायाचं असतं. समोरच्या दातांवरचे बरेचसे पांढरे डाग आपण हातात ब्रश धरायला शिकायच्या आधीच पडलेले असतात.

ते कसं, हे समजायला जत्रेतला बर्फाचा गोळा आठवा. बर्फाची लादी आरपार दिसते. तीच किसली की पांढरीशुभ्र होते. बर्फ तोच, फक्त कणांच्या मधे हवा शिरली, प्रकाश वेडावाकडा विखुरला आणि डोळ्यांना पांढरा रंग दिसला. दाताच्या वरच्या कवचाचं, म्हणजे इनॅमलचं, अगदी हेच आहे. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिजच. ते घट्ट विणलेलं असेल तर प्रकाश आत जातो आणि दात नैसर्गिक, किंचित पिवळसर दिसतो. एखाद्या जागी वीण सैल राहिली, बारीक छिद्रं राहिली, की ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. म्हणजे डाग हा वरून बसलेला रंग नाही, आतली पोकळी आहे. घासून तो जाणार कसा?

सकाळी उठल्यावर डाग जास्त ठळक का दिसतात, तेही यातच आलं. रात्री तोंड उघडं राहिलं, दात सुकले, छिद्रांतलं पाणी गेलं आणि हवा भरली. तासाभरात लाळ पुन्हा मुरते आणि डाग फिके होतात. सकाळी सकाळी घाबरून जाऊ नका.

डाग एक, कारणं अनेक

सगळ्या पांढऱ्या डागांना 'कॅल्शियम कमी आहे' असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. मग मेडिकलमधून गोळ्या येतात. त्यांचा या डागांवर काहीही परिणाम होत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपलेल्या असतात. त्यानंतर शरीर आतून इनॅमल दुरुस्त करू शकत नाही.

मग डाग कशाचा, हे ओळखायचं कसं? उजेडात आरशासमोर उभे राहा आणि डाग नेमका कुठं आहे ते बघा. एकाच दातावर, एकाच जागी असेल तर आईला विचारा. लहानपणी ओट्यावरून पडून दुधाचा दात हलला होता का? त्या दुधाच्या दाताच्या मुळाशी पक्का दात तयार होत असतो, मार त्याला बसतो आणि खूण सहा-सात वर्षांनी बाहेर येते. डाग पिवळसर, कडा स्पष्ट, आणि सोबत मागच्या पहिल्या दाढाही ठिसूळ, थंड पाण्यानं कळ मारणाऱ्या असतील, तर बालपणातल्या आजारपणाशी त्याचा संबंध असू शकतो. तिथं दिसण्यापेक्षा दाढा वाचवणं महत्त्वाचं.

डाग हिरडीच्या कडेनं, खडूसारखा, खरखरीत असेल तर मात्र सावध व्हा. ही कीड लागण्याची पहिली पायरी आहे. दातांना तारा लावलेल्यांनी तर नीट ऐका: ब्रॅकेटभोवती अन्नाचा थर साचत राहिला तर महिनाभरातही असे डाग उमटू शकतात. दोन वर्षं पैसे भरून दात सरळ होतात, आणि तारा निघाल्यावर प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट उरते. कॉलेजच्या वयात पडणारा डाग बहुधा हाच. त्याला दिवसभर पुरवून पुरवून प्यायलेलं कोल्ड्रिंक आणि चार-चार गोड चहा मदत करतात.

आणि डाग जर दोन्ही बाजूंना सारखे असतील, म्हणजे डावीकडच्या दातावर जशी ढगाळ रेघ तशीच उजवीकडच्यावर, आडव्या पांढऱ्या रेषा, काही ठिकाणी तपकिरी झाक, तर संशय जातो फ्लोरोसिसवर. म्हणजे लहानपणी पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडवर.

पाण्याची गोष्ट

याचा शोध लागायला तीस वर्षं लागली. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला गेला. बघतो तर गावात जन्मलेल्या कितीतरी लोकांचे दात डागाळलेले. कारण कुणालाच माहीत नाही. त्याला आणखी एक विचित्र गोष्ट दिसली, हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. शेवटी १९३१ मध्ये चर्चिल नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञानं पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड शोधून काढलं. आपल्याकडे डिसेंबर १९३६ मध्ये फैजपुरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून भारतातल्या फ्लोरोसिसची पहिली नोंद झाली.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली कितीतरी गावं हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत. तिथल्या खडकांत फ्लोराइडची खनिजं आहेत, पाणी खडकात जितका काळ मुरतं तितकं ती विरघळवून घेतं आणि बोअरमधून ते वर येतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर गोष्ट दातांवर थांबत नाही. सांधे आखडतात, मान वळत नाही, हाडं वाकतात. दात हा फक्त पहिला निरोप्या.

आता तुमच्या-माझ्या पट्ट्याचं. केळीला पाणी लागतं आणि ते आपण जमिनीतून ओढतो. आजोबांच्या काळी विहिरीत पोहायला उड्या मारायचे. आज बोअर किती फूट गेला याच्याच गप्पा पारावर चालतात. जितकं खोल जाल तितकं जुनं, खडकात जास्त काळ मुरलेलं पाणी लागतं. याचा अर्थ फैजपूरच्या प्रत्येक पांढऱ्या डागाला बोअर जबाबदार आहे असा नाही. एका बोअरचं पाणी ठणठणीत आणि बांधापलीकडच्या बोअरचं खराब, असंही होऊ शकतं. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा पाणी तपासणं बरं.

आणि ही तपासणी तुमच्यासाठी नाहीच. समोरच्या पक्क्या दातांचं इनॅमल जन्मानंतर काही महिन्यांतच बनायला लागतं आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं; मागच्या दातांना आठेक वर्षं लागतात. तुमचं ते वय उलटून गेलं. आज तुम्ही कुठलंही पाणी प्या, दातांवर नवीन फ्लोरोसिस येणार नाही. पण घरात दादाची दोन वर्षांची मुलगी असेल, तिची बाटली ज्या पाण्यानं भरली जाते, त्या पाण्यावर तिचं विसाव्या वर्षीचं हसू ठरतंय.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, काहीच न करणं हाही एक उपाय आहे. हलका फ्लोरोसिस हा रोग पसरत नाही, दात कमकुवत करत नाही. तुम्हाला स्वतःला त्याचं काही वाटत नसेल तर कुणाच्या शेऱ्यासाठी पैसे घालवू नका.

कीड सुरू होण्याचा डाग असेल तर मात्र हातावर हात ठेवून बसू नका. इथं मजा अशी की औषध म्हणून फ्लोराइडच लागतं! बालपणी पोटातून जास्त गेलं तर डाग पाडणारं फ्लोराइड, मोठेपणी दाताच्या पृष्ठभागावर थोडं थोडं लागलं तर लाळेतलं खनिज पुन्हा इनॅमलमध्ये बसवायला मदत करतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड लिहिलंय का ते वाचा. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतंच. रात्री झोपताना ब्रश केल्यावर फेस थुंका, पण चुळांवर चुळा भरून सगळं धुऊन टाकू नका. डॉक्टर फ्लोराइडचं वॉर्निश लावतात, किंवा दुधातल्या प्रथिनापासून केलेली खनिजांची क्रीम देतात. तारा नुकत्याच काढल्या असतील तर पुढच्या काही महिन्यांत बरेच डाग आपोआप फिके होतात. तेवढा धीर धरा. (घरातल्या तीन वर्षांखालच्या बाळाला मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, कारण ते ती गिळतं.)

जुन्या, पक्क्या डागांसाठी डॉक्टरांकडे साधारण पायऱ्या असतात आणि चढायच्या त्या खालूनच. डाग वरवरचा असेल तर सौम्य आम्ल आणि बारीक पूड वापरून इनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढतात. ब्लीचिंगनं डाग जात नाही, आजूबाजूचा दात उजळतो आणि फरक कमी दिसतो. पहिले काही दिवस तर डाग उलट जास्त उठून दिसतो, हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो. तिसरी पद्धत मला सगळ्यात हुशार वाटते. गोळ्याच्या किसावर पाणी ओतलं की तो परत आरपार दिसायला लागतो ना? तसंच डागाची छिद्रं आम्लानं उघडायची, सुकवायची आणि त्यात पातळ रेझिन मुरवायचं. हवा निघून जाते, पांढरा रंग विरतो. जर्मनीत संशोधन होऊन २००९ च्या सुमारास ही पद्धत बाजारात आली. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. खोल फ्लोरोसिसमध्ये ती पूर्ण यश देतेच असं नाही, पण नंतरचे मार्ग ती बंद करत नाही.

शेवटी येतात कॉम्पोझिटचा लेप आणि व्हिनिअर. व्हिनिअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हिरोसारखी स्माइल म्हणून एकोणिसाव्या वर्षी चांगले दात तासून घेऊ नका. तासलेलं इनॅमल परत येत नाही आणि ते व्हिनिअर आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. डॉक्टर पहिल्याच भेटीत तिकडे वळले तर दुसऱ्याचं मत घ्या. धुळे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत जाऊन यायला एक दिवस मोडतो, पण खर्च बराच वाचतो.

लिंबू आणि सोडा घासणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं: तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस असतो दोन-अडीचच्या आसपास. कोळशाची पूड खरवडते. मशेरी तर घरातल्या कुणाच्याही हातातून काढून घ्या, ती भाजलेली तंबाखू आहे. केळीची साल त्यातल्या त्यात निरुपद्रवी. ती म्हशीला घाला.

हिवाळ्यात एनएसएसचं शिबिर ज्या गावात जाईल, तिथं या वेळी रस्ता झाडण्यासोबत आणखी एक काम करता येईल. तिसरी-चौथीच्या वर्गात जा. सात-आठ वर्षांच्या पोरांचे समोरचे दात नवे कोरे असतात, गावाच्या पाण्याचा इतिहास त्यावर वाचता येतो. बऱ्याच मुलांच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे डाग दिसले तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. पाणी तपासायचं किट गावात आहे का विचारा. नेमक्या आकड्यासाठी नमुना जळगावला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो. बाटली प्लॅस्टिकची, लिटरभराची, त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळलेली. बोअर आधी पाच मिनिटं चालू द्या, मग भरा. बाटलीवर गावाचं नाव, बोअर कुणाचा, किती फूट, तारीख एवढं लिहा. आकडा १.५ च्या वर आला तर पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्यानं फ्लोराइड उडत नाही. आरओ ते काढतो. गावासाठी तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं कधीच तयार करून ठेवली आहे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, गावातलाच कमी फ्लोराइडचा दुसरा बोअर किंवा जुनी उथळ विहीर शोधून लहान मुलांचं पिण्याचं पाणी तिथून आणायचं. अंघोळीला, गुरांना, केळीला पहिला बोअर आहेच.