परदेशांतील पहिला हिंवाळा

समुद्रापलीकडे जाणाऱ्या मुलास वा मुलीस निरोप देतांना आपण अभ्यासाची, पैशाची आणि शीलाची चिंता वाहतों. हिंवाळ्याची चिंता मात्र कोणी फारशी वाहत नाहीं. थंडी म्हणजे पुण्यास पौषांत पडते तीच, थोडी अधिक, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे हें पाहावयाचें असेल, तर डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत काढलेल्या १८८३-८४ च्या हिंवाळ्याकडे पाहावें.

आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्यें कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोहोंचल्या. वय अवघें अठरा. न्यू जर्सींतील रोझेल येथें कार्पेंटरबाईंच्या घरीं उन्हाळा सुखांत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढें वैद्यकीच्या अभ्यासासाठीं फिलाडेल्फियास जावें लागलें आणि खरी कसोटी तेथें लागली. पुणें साडेअठरा अक्षांशांवर, तर फिलाडेल्फिया चाळीस अक्षांशांवर. पुण्यास वर्षांतला सर्वांत लहान दिवसहि सुमारें अकरा तासांचा असतो. तेथें तो सवानऊ तासांहून फारसा मोठा नसतो. जानेवारींत हवा बहुधा गोठणबिंदूच्या आसपासच राहते. आपल्याकडे पहांटेचा गारठा दहा वाजण्याच्या सुमारास उन्हानें पळतो. तेथें तो दिवसभर हलत नाहीं.

जाण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, बंगालमधील सेरामपूर येथील जाहीर भाषणांत, आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असें वचन त्यांनीं दिलें होतें. त्या वचनाची पहिली परीक्षा थंडीनेंच घेतली. कासोट्याच्या नऊवारी लुगड्यांत कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहतात. उष्ण देशांत तें सोयीचें, पण बर्फांत नव्हे. आनंदीबाईंनीं लुगडें टाकलें नाहीं. आंत परकर घालून घोट्यापर्यंत येणारें गुजराती धर्तीचें नेसणें त्यांनीं पत्करलें. बदल केवळ नेसण्याच्या तऱ्हेचा. परंतु त्या काळच्या घरंदाज स्त्रीला, पतीपासून हजारों मैल दूर असतांना, असा निर्णय स्वतःच्या बुद्धीनें घेणें ही सामान्य गोष्ट नव्हती. शाकाहारहि त्यांनीं सोडला नाहीं.

पोशाखाचा प्रश्न बुद्धीनें सुटला, निवाऱ्याचा मात्र तसा सुटेना. त्यांच्या खोलींतील भिंतींतली शेगडी नीट चालत नसे, असें त्यांच्या चरित्रांत आढळतें. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. अशा उघड्या शेगडीची बरीचशी ऊब मुळांतच धुराड्यावाटे निघून जाते. आणि धुराड्याची ओढ कमी पडली कीं धूर खोलींत परततो. येथें मनोधैर्य काय करणार?

आनंदीबाईंना पुढें क्षयानें गाठलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. या मृत्यूचा दोष थंडीवर ढकलण्याची पद्धत आहे, पण ती शास्त्रास धरून नाहीं. क्षय जंतूनें होतो. तो जंतु कॉख यांनीं १८८२ मध्येंच जगापुढें मांडला होता. मात्र अपुरें अन्न आणि सततची दगदग यांनीं देहाची प्रतिकारशक्ति खचते, हें नाकारतां येत नाहीं.

आज आपल्यांतील कित्येक घरांतील मुलें-मुली अशाच देशांत पहिला हिंवाळा काढीत असतात. त्यांना आपण धीर धरण्याचा उपदेश करतों. पण थंडी उपदेशानें हटत नाहीं. ती हटते एकावर एक चढविलेल्या लोंकरी कपड्यांनीं, कोरड्या पायमोज्यांनीं, पोटभर ऊन अन्नानें आणि ऊबदार खोलीनें. म्हणून निरोप देतांना माउलींनीं लोणच्याच्या बरणीबरोबर आणखी एक गोष्ट बांधून द्यावी: पोशाखांत आणि जेवणांत तेथील हवेला साजेसा फरक करण्याची मोकळीक. ती आधींच दिलेली असली, म्हणजे परमुलखांत एकट्या पडलेल्या मुलीला थंडीबरोबरच घरच्यांच्या नाराजीचेंहि भय वाहावें लागत नाहीं. आनंदीबाईंनीं ही मोकळीक स्वतःच मिळविली, आणि तरीहि आपलें वचन त्यांनीं मोडलें नाहीं.