पुस्तक चांगलं, तरी मन भरत नाही

मैत्रिणींनो, चांगलं पुस्तकही कधी कधी हिरमोड का करतं? मोऱ्यात गटाची बैठक झाली की आम्ही रमाबाई रानडे यांचं १९१० सालचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मोठ्यानं वाचतो. अकराव्या वर्षी लग्न, मग घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकणं, हे सगळ्या कान देऊन ऐकतात. पण १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे वारले, तिथं पुस्तकही थांबतं. बायकांना शिक्षण, नर्सिंगची वाट देणारं पुण्याचं सेवासदन त्यानंतरचं. ते यात नाहीच! ऐकायला बसतो बाईची गोष्ट, त्यांनी लिहिल्या पतीच्या आठवणी. आपल्यातही कितीजणी स्वतःचं सांगताना ‘ह्यां’च्यावरच येतात. आम्ही आता आधीच सांगतो, हा संसार दोघांचा आहे. सेवासदनाबद्दल पुढच्या बैठकीत बोलू.