उत्तर एकच कशाला?

हैदराबादेत गणित म्हटलं की पालकांना आधी नल्लाकुंटा हा भाग आठवे. तिथल्या चुक्का रामय्यांच्या आयआयटी शिकवणीचा दबदबा असा, की तिथे प्रवेश मिळवायलाच परीक्षा द्यावी लागे. पुढे सगळं शहरच कोचिंगचं झालं.

ऑगस्ट 2010मध्ये जगभरचे गणितज्ञ इथे जमले. 1897पासून भरणारी त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भारतात पहिल्यांदाच होत होती. चिमुकल्यांच्या वर्गापर्यंत त्यातलं काय पोचलं, हा प्रश्नच आहे. खरी हालचाल दुसरीकडे चालू होती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005साठी आर. रामानुजम यांच्या गटाने मुलांच्या विचारप्रक्रियेला गणिती वळण लावण्यावर भर दिला होता. त्या धाग्यावर तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने 2011मध्ये आपला आराखडा केला आणि पाठोपाठ नवी गणिताची पुस्तकं आली. त्यांच्या मुख्य सल्लागारांत उदयपूरच्या विद्या भवन संस्थेचे हृदयकांत दीवान होते, आणि चक्क रामय्याही! ‘विचार करा, चर्चा करा, लिहा’ अशा चौकटी धड्यांच्या अधेमधे आल्या. पुढे वेगळ्या झालेल्या तेलंगणाची पुस्तकं मराठी माध्यमातही निघतात, त्यामुळे आदिलाबादकडच्या मराठी मुलांच्या दप्तरातही या चौकटींतले प्रश्न गेले.

अशा मोकळ्या प्रश्नांची कल्पना नवी नव्हती. जपानमध्ये शिगेरू शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकातच अनेक उत्तरांचे, अनेक वाटांचे प्रश्न वर्गात आणले होते.

असा प्रश्न दिसतो कसा? तीन उस्मानिया बिस्किटं, चार मुलं, सारखी वाटा. कुणी प्रत्येक बिस्किटाचे चार तुकडे करतं. कुणी दोन बिस्किटं अर्धी करून तिसऱ्याचे चार पाव करतं. तिसरं पोर तिन्हींचा एकेक पाव काढून चौथ्याला देतं. मग वाद पेटतो: ‘त्याला तीन मिळाले, मला एकच!’ तुकडे जास्त म्हणजे बिस्किट जास्त का, हे मुलांनाच एकमेकांना पटवावं लागतं. पाऊण या अपूर्णांकाची व्याख्या न सांगता इथवर येता येतं.

पुस्तक बदललं तरी गाईड सुटलं नाही. मोकळ्या प्रश्नाचंही एक छापील उत्तर तयार होतं आणि ते पाठ होतं. भरगच्च वर्गात वीस मुलांच्या वीस रीती ऐकायला शिक्षकाला तास पुरत नाही, हेही खरंच. घरी मात्र वेळापत्रकाची अडचण नाही. पालकांनी वहीत बरोबरची खूण करण्याआधी ‘कसं काढलंस?’ एवढं विचारून बघावं.