वेगाची घडण (लेखांक ६) : चढावरची धाव

जबलपूरमधील मदन महलची टेकडी ग्रॅनाइटची असून, माथ्यावरची गोंडकालीन वास्तू आणि तिच्या परिसरात एका शिळेवर दुसरी तोलून राहिलेला प्रसिद्ध पाषाण यांमुळे ती शहराबाहेरही परिचित आहे. वेगवान धावेच्या अभ्यासकाने मात्र तिच्याकडे पाहावे ते तिच्या चढांसाठी. चढावर धावल्याने पाय तयार होतात ही समजूत जुनी आहे आणि ती खोटीही नाही, परंतु पायांची ही तयारी नेमकी कशासाठी होते, किती लांबीच्या व किती तीव्र चढावर होते आणि कोणत्या वयाला मानवते, हे प्रश्न बाजूला ठेवून मुलांना टेकडीवर पिटाळले की दम वाढतो आणि वेग होता तेथेच राहतो.

शंभर मीटरच्या धावेत वेग एकाच घासात मिळत नाही. स्थिर अवस्थेतून वेग पकडण्याची क्रिया, म्हणजे त्वरण, आणि पकडलेल्या वेगाचा सर्वोच्च बिंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिन येथे 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिल्या 10 मीटरना, बंदुकीच्या आवाजाला प्रतिसाद देण्याचा वेळ धरून, 1.89 सेकंद लागले. 60 ते 80 मीटर हा दुप्पट लांबीचा टप्पा मात्र त्याने 1.61 सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे 44.7 किलोमीटर वेगाने, पार केला. शाळकरी धावपटूचा वेग याहून बऱ्याच आधी, साधारणतः 30 ते 40 मीटरच्या सुमारास, कमाल होतो. चढाचा उपयोग यांपैकी पहिल्या क्रियेला होतो. दुसरीसाठी सपाट धावपट्टीला पर्याय नाही.

याचे कारण पायाच्या जमिनीशी होणाऱ्या व्यवहारात आहे. वेगवान धावपटू पाय अधिक भरभर हलवतो असे पाहणाऱ्याला वाटते; पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र पाय हवेतून पुढे आणण्याचा वेळ जलद आणि संथ धावणाऱ्यांत जवळजवळ सारखाच आढळला, फरक होता तो जमिनीवर दिलेल्या बलाचा. चढावर शरीर आपोआप पुढे झुकते, चवडा गुरुत्वमध्याच्या खाली किंवा किंचित मागे टेकतो, गुडघा उंच उचलल्यावाचून पाऊल पडत नाही आणि जमीन मागे रेटण्यासाठी नितंबाच्या स्नायूंना खरोखर काम करावे लागते. थोडक्यात, प्रशिक्षकाने ओरडून सांगायच्या चार सूचना चढ स्वतःच देतो. त्याच वेळी वेग कमी राहत असल्याने मांडीच्या मागच्या स्नायूवर, म्हणजे हॅमस्ट्रिंगवर, सपाटीवरील कमाल वेगाच्या धावेइतका ताण येत नाही. पाय जमिनीवर अधिक काळ टेकून राहतो ही याची दुसरी बाजू होय, आणि कमाल वेगात तर हा टेकण्याचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आणावा लागतो.

म्हणून चढ सौम्य हवा. 30 मीटर अंतरात दीड ते दोन मीटर उंची वाढत असेल तर तो पुरेसा समजावा; हे मापन गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल-नळीने, टप्प्याटप्प्याने, थोड्या वेळात करता येते. मदन महलसारख्या टेकडीच्या पायऱ्या आणि शिळांमधील वाटा या कामाच्या नाहीत, कारण तेथे पावलाची लांबी धावपटू ठरवत नाही, पायरी ठरवते. पायथ्याकडच्या एखाद्या रहदारी नसलेल्या मातीच्या उतरणीवर मात्र 15 ते 30 मीटरच्या चार ते सहा धावा उत्तम होतात. उन्हाळ्यात जबलपूरचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते आणि दिवसभर तापलेला खडक संध्याकाळीही उष्णता सोडत राहतो, तेव्हा त्या दिवसांत वेळ पहाटेचीच ठेवावी.

दोन धावांमधील विश्रांती हा या सरावाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पूर्ण जोराच्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा मुख्यतः स्नायूंत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन या संयुगातून येते आणि हा साठा पुन्हा भरण्यास काही मिनिटे लागतात. दर 10 मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती, हा प्रशिक्षकांचा ठोकताळा त्यावरूनच आला आहे. 30 मीटरच्या धावेनंतर तीन मिनिटे चालत खाली येणारा मुलगा आळशी दिसतो, पण शिकत तोच असतो. उलट शिट्टीवर शिट्टी देऊन पंधरा-वीस धावा करवल्या की पाचव्या-सहाव्या धावेपासून टाच टेकू लागते, खांदे वर चढतात, पावलांचा आवाज थपथप असा जड येऊ लागतो, आणि शरीर त्याच संथ हालचाली पाठ करते. मुले घामाघूम झाली की सराव चांगला झाला असे मानणारे पालक आणि प्रशिक्षक दोघेही येथे फसतात. हातातल्या घड्याळाचा भरवसा मर्यादित असतो, शंभर मीटरच्या हस्तमापित वेळेत तुलनेसाठी 0.24 सेकंद मिळवण्याची पद्धत आहे ती त्यासाठीच. मोबाइलवर सेकंदाला 60 चौकटींनी घेतलेले चित्रीकरण याहून विश्वसनीय ठरते आणि वेळ स्पष्टपणे घसरू लागताच त्या दिवसाचा सराव थांबवता येतो.

मराठी घरांतून जबलपूरला गेलेल्या मुलांना या सरावाची पूर्वतयारी खेळांतूनच मिळू शकते. खो-खोमध्ये बसलेला गडी खो मिळताच उठून पहिल्या दोन-तीन पावलांत वेग घेतो, ते त्वरणच होय. लंगडीत एका पायावर घेतलेल्या लागोपाठ उड्या घोटा आणि पोटरी यांना जमिनीवरून झटकन उसळी घ्यायला शिकवतात, ज्याला क्रीडाशास्त्रात प्लायोमेट्रिक व्यायाम म्हणतात. बारा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून दोनदा हे खेळ आणि थोड्या शर्यती पुरे आहेत.

उतारावरून धावून वेग वाढवण्याची पद्धत प्रौढ धावपटूंसाठी वापरली जाते. प्रत्येक पावलाला शरीर रोखण्याचा ताण स्नायूंवर पडत असल्याने मुलांनी तिच्या वाटेस जाऊ नये.

उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, म्हणजे मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास, चढाबाबतही हात आखडता घ्यावा लागतो. हाडे स्नायूंच्या आधी लांबतात, ओळखीची हालचाल काही महिने बेढब होते, वेळही बिघडू शकते, आणि ते अपयश नसते. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर, दाबल्यास दुखू लागले तर ऑसगुड-श्लॅटर या विकाराची शंका घ्यावी: वाटीखालून येणारी कंडरा वाढीच्या कोवळ्या हाडाला ओढत राहिल्याने तो होतो, आणि चढ, पायऱ्या व उड्या यांनी बळावतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घेऊन चढाचा सराव बंद ठेवावा आणि वेदना होत नसेल तेवढीच सपाट जमिनीवरची छोटी धाव चालू ठेवावी.